गेले चौदा दिवस

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसच्या हंटिंग्टन पार्कवर सामना सुरू व्हायच्या आधी कठड्यापाशी गर्दी जमते. कुणाच्या हातात नवाकोरा बॉल, कुणाच्या हातात टोपी, आणि सगळ्यांकडे काळी मार्कर पेनं. हे ट्रिपल-ए बेसबॉल, म्हणजे मेजर लीग या सर्वांत वरच्या पातळीच्या अगदी एक पायरी खाली. इथे दोन तऱ्हेचे खेळाडू बघायला मिळतात: वर जायची वाट बघणारे आणि वरून नुकतेच खाली आलेले. त्या संध्याकाळी कठड्याशी सह्या देत उभा होता तो पाहुण्या संघातला, दुसऱ्या तऱ्हेतला. माझ्यापुढे विशीतला एक मुलगा होता. त्याने टोपी पुढे केली आणि हसतहसत सांगून टाकलं, "मी तुला मे महिन्यात ड्रॉप केलं. दोन आठवडे तू काहीच केलं नाहीस." खेळाडूने मान वर केली नाही. टोपीच्या झापेखाली सही पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं, पेन परत दिलं आणि तो शेजारच्या लहान मुलीच्या बॉलकडे वळला. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरी चिकटपट्टी होती. बॅटच्या मुठीला लावतात त्या डांबरासारख्या पाइन टारने ती कडेने काळी झाली होती.

तो मुलगा दुष्ट नव्हता. उलट त्याला वाटत होतं की आपण जवळीक दाखवतोय: बघ, तू काही काळ माझ्या फँटसी संघात, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या माझ्या कागदावरच्या संघात होतास. पण ते वाक्य माझ्या मागेच लागलं. त्याचं एक कारण असं की वाक्य ओळखीचं होतं. आमच्या फँटसी लीगच्या ग्रुपवर असली वाक्यं रोज पडत असतात. "संपला हा." "याला कोण ठेवतंय?" "गेल्या चौदा दिवसांचे आकडे बघा, म्हणजे कळेल." ज्याच्याबद्दल ती लिहिली जातात तो माणूस कधी समोर नसतो, एवढाच फरक.

फँटसी म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना ड्रीम इलेव्हन आठवतं. एक सामना, अकरा नावं, रात्री निकाल आणि विषय संपला. बेसबॉलची फँटसी हा फार लांब पल्ल्याचा संसार आहे. मार्चच्या अखेरीस आमच्या दहाजणांच्या लीगचा लिलाव होतो, आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत त्या माणसांचं हवं-नको बघायचं. प्रत्येक संघाचे १६२ सामने, जवळजवळ रोज एक. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ रचला. मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' नावाच्या हॉटेलात ही मंडळी जेवायला जमत, म्हणून या प्रकाराला अजून रोटिसरी किंवा नुसतं 'रोटो' म्हणतात. त्या काळी पेपरातले आकडे हाताने उतरवून हिशेब करावा लागे. आता सगळं फोनवर आपोआप येतं, आणि त्यात एक छोटंसं बटण असतं: गेले ७ दिवस, गेले १४ दिवस, गेले ३० दिवस. १४ वर बोट ठेवलं की नावं वरखाली होतात. कालचा महाग खेळाडू तळाला जातो आणि कधी न ऐकलेलं नाव झळकू लागतं. रविवारी रात्री त्या नावांवर बोली लागते, तिला वेव्हर म्हणतात. अख्ख्या मोसमाला मिळून शंभर डॉलर, तेही कागदावरचे. माझा मुलगा कॉलेजसाठी सिअ‍ॅटलला गेला तेव्हापासून रविवार रात्रीचा त्याचा फोन चुकत नाही. जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, हे दोन मिनिटांत आटपतं. मग तो म्हणतो, "आई, आता खरं बोलू. कुणावर लावणार आहेस?"

या खेळात खरी परीक्षा लिलावाच्या दिवशी नसते. ती मे-जूनमधल्या रविवारी रात्री असते. समोर चौदा दिवसांचे आकडे असतात आणि ठरवायचं असतं, की हा माणूस बदलला आहे की फक्त पंधरवडा बदलला आहे.

यर्मिन मर्सेडिसचं उदाहरण मला कधी विसरता येत नाही. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या ला रोमाना गावचा हा धिप्पाड फलंदाज. खालच्या लीगांमध्ये जवळजवळ दहा वर्षं झिजला, मधे एका संघाने सोडून दिलं, कुठल्याकुठल्या स्वतंत्र लीगांमध्ये खेळला. २०२१ चा मोसम सुरू झाला तेव्हा २८ वर्षांचा होता आणि वरच्या पातळीवर तोवर जेमतेम एकदा बॅट हातात धरलेली. शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला उतरवलं आणि त्याने मोसमाची सुरुवात ओळीने आठ हिट, म्हणजे बेसवर सुखरूप पोचवणारे फटके, मारून केली. त्याच्या पहिल्या सामन्यात पाचपैकी पाच, दुसऱ्यात लागोपाठ आणखी तीन. १९०० नंतर मोसमाची अशी सुरुवात कुणी केलेली नव्हती. त्या आठवड्यात प्रत्येक लीगमध्ये त्याच्यावर उड्या पडल्या. एप्रिलअखेर त्याची सरासरी .४१५ होती, म्हणजे शंभरात एकेचाळीस वेळा हिट. मे महिन्यात एका एकतर्फी सामन्यात, संघ १५-४ ने पुढे असताना, समोर मुळात पिचर (गोलंदाज) नसलेला खेळाडू गंमत म्हणून हळू चेंडू टाकत होता. मर्सेडिसने त्यावर होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचा फटका, मारला आणि त्याच्याच मॅनेजरने, टोनी ला रुसाने, त्याला चारचौघांत फटकारलं. त्यानंतर त्याची बॅट जी रुसली ती रुसलीच. २ जुलैला त्याला खाली पाठवलं तेव्हा सरासरी .२७१ वर आली होती. त्याच महिन्यात त्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं की आपण बेसबॉल सोडतोय. लगेच परतलाही. पण मधल्या काही तासांत त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे चौदा दिवसांच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

त्याच्या आधीची पिढी ख्रिस शेल्टनची गोष्ट सांगते. २००६, डेट्रॉइट टायगर्स. एप्रिल महिन्यात १० होमरन. अख्खा मोसम संपला तेव्हा एकूण १६. जुलैअखेर त्याला टोलिडोला, खालच्या संघात, पाठवलं. त्या वर्षी डेट्रॉइट वर्ल्ड सिरीज या अंतिम लढतीपर्यंत पोचलं, पण पहिल्या बेसवर, शेल्टनच्या जागी, तेव्हा शॉन केसी उभा होता.

या गोष्टी "बघा, गरम सुरुवातीला भुलू नका" असं बजावायला सांगतात. मला त्या वेगळ्या कारणाने महत्त्वाच्या वाटतात. मर्सेडिसच्या त्या आठ हिटमध्ये खोटं काहीच नव्हतं. बॅट बॉलला लागली, बॉल मोकळ्या जागी पडला, माणूस बेसवर पोचला. खोटं होतं ते आपलं त्यापुढचं वाक्य: म्हणजे हा असाच आहे.

माझे बाबा सांगलीत क्लबच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसायचे. विजय हजारे सांगलीत जन्मले, या एका गोष्टीवर आमच्या गावातली क्रिकेटवेडी माणसं आयुष्यभर जगली, त्यातलेच बाबा. त्यांची स्कोअरची वही म्हणजे लांबलचक, कापडी पाठीची, उन्हाने पानं पिवळी पडलेली. धावा शाईने, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणं. "१८ वर झेल सुटला, गली." "पायचीत होता, पंचांनी दिलं नाही." "सीमेवर उडी मारून घेतला, एरवी षटकार." ही टिपणं कुणी मागितलेली नव्हती, निकालात त्यांना काही किंमत नव्हती. रविवारी संध्याकाळी चहाला कुणी म्हणालं की अमक्याचा पोरगा काय फॉर्मात आहे, साठ ठोकल्या, की बाबा वही उघडून म्हणत, "साठ झाल्या खऱ्या. पण तीनदा वाचला. पुढच्या रविवारी बघू." आणि सहा धावांवर बाद झालेल्या एखाद्या पोराबद्दल अगदी उलट: "त्याला काढू नका हो. चेंडू बॅटच्या मधोमध येतोय त्याच्या." निवड समितीतल्या लोकांना हे पटायचं असं नाही. त्यांना शाईतला आकडा दिसायचा.

बेसबॉलमध्ये ती पेन्सिलीची टिपणं आता सगळ्यांसाठी खुली आहेत. २०१५ पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानावर स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा आहे. बॉल बॅटवरून किती वेगाने सुटला, किती कोनात उडाला, हे प्रत्येक फटक्याचं नोंदलं जातं. ताशी ९५ मैल किंवा त्याहून वेगाने सुटलेला बॉल 'हार्ड हिट' धरतात. तर समजा एका फलंदाजाने १०८ मैलांचा बुलेटसारखा फटका मारला आणि तो थेट सेंटर फील्डरच्या हातात गेला. फील्डरला जागचं हलावंही लागलं नाही. फलंदाज पहिल्या बेसकडे चार पावलं धावला, थांबला, हेल्मेट काढलं, मान हलवत डगआउटकडे परतला. तक्त्यात शून्य. पुढच्या इनिंगमध्ये दुसऱ्या कुणाच्या बॅटीच्या टोकाला लागून बॉल लुळा पडला, पिचर आणि तिसरा बेसमन दोघंही धावले आणि दोघांनाही उशीर झाला. तक्त्यात हिट. चौदा दिवसांत अशा चार-पाच गोष्टी एका बाजूला झुकल्या की .३०० चा माणूस .२०० चा दिसतो. बॅटला लागून मैदानात राहिलेल्या फटक्यांपैकी किती हिट ठरले याचं प्रमाण लीगभर साधारण .३०० च्या आसपास असतं. कुणाचं दोन आठवडे .४५० दिसलं तर ते टिकणार नाही, आणि .१५० दिसलं तर तेही नाही. पिचरच्या बाबतीत तर २००१ साली व्होरॉस मॅकक्रॅकन या आकड्यांच्या अभ्यासकाने दाखवून दिलं की मैदानात पडलेल्या बॉलचं काय होतं, यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्याहून फार कमी असतो. त्याच्या हाती खरं म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद करणं), वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट दिलेला बेस) आणि होमरन. तेव्हा लोक चिडले होते. आज त्यावर आख्खे संघ बांधले जातात.

बेसबॉलच्या आकड्यांवर लिहिणाऱ्या रसेल कार्लटनचा अभ्यास मी मुलाला प्रिंट काढून दिला होता, त्याने तो खोलीत लावलाय. कुठला आकडा किती खेळल्यावर भरवशाचा होतो, याचा तो शोध. स्ट्राइकआउटचं प्रमाण सुमारे ६० वेळा बॅटिंगला आल्यावर काहीतरी खरं सांगू लागतं. वॉकला १२० लागतात, होमरनला १७०. आणि मैदानात पडलेले फटके हिट ठरण्याचं प्रमाण? त्याला आठशेच्या वर फटके लागतात, म्हणजे दोन मोसम. आता रोज खेळणारा फलंदाज चौदा दिवसांत पन्नास-पंचावन्न वेळा बॅटिंगला येतो. म्हणजे त्या बटणामागे कळण्यासारखी गोष्ट जवळजवळ एकच आहे: तो बॉल हुकवायला लागलाय का. बाकी सरासरी, धावा, आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर इतरांच्या आणि त्याच्या आलेल्या धावा), सगळा त्या पंधरवड्याचा वारा. आणि आपण नेमका वाराच वाचतो, कारण तो ठळक अक्षरांत असतो.

आता यातली एक गोष्ट मला फार टोचते. २०२४ च्या एप्रिलअखेर न्यूयॉर्क यँकीजच्या अ‍ॅरन जजची सरासरी .२०७ होती. न्यूयॉर्कमध्ये घरच्याच लोकांनी त्याची टर उडवली. पण आमच्या लीगमध्ये त्याला कुणी सोडलं का? छे. ज्याच्याकडे तो होता तो निवांत होता, आणि मोसम संपला तेव्हा जजचे ५८ होमरन होते, सरासरी .३२२, आणि एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वांत मोलाचा खेळाडू हा मान. बरोबरच होतं त्याला ठेवणं, कारण मागे इतक्या वर्षांचा पुरावा होता. पण तोच .२०७ चा एप्रिल एखाद्या बावीस वर्षांच्या नव्या पोराचा असता तर पहिल्याच रविवारी त्याला बाहेर काढलं असतं. मोठ्या माणसाच्या वाईट दिवसांना आपण 'काळ' म्हणतो आणि लहानाच्या वाईट दिवसांना 'लायकी'. खऱ्या संघांतही हेच चालतं. हिशेबाने बघितलं तर नव्या मुलाबद्दल आपल्याला कमी माहिती असते, म्हणून त्याच्याबद्दल निकाल द्यायला जास्त थांबायला हवं. आपण नेमकं उलट करतो.

पिचर मात्र वेगळं प्रकरण. त्यांच्याकडे मी आकड्यांपेक्षा अंगाकडे बघते. पॉल स्कीन्सने २०२५ मध्ये पिट्सबर्गसाठी १.९७ च्या ईआरएने (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) मोसम काढला, सगळ्यांच्या एकमताने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि त्याची विजय-पराजयाची नोंद होती १०-१०. जेकब डीग्रॉमची २०१८ ची तऱ्हा तीच: ईआरए १.७० आणि विजय फक्त १०. संघाने मागे धावाच केल्या नाहीत तर पिचरने काय करावं! तेव्हा 'विजय' हा रकाना मी शेवटी बघते, लीगमध्ये त्याचे गुण असले तरी. आधी बघते तो फास्टबॉलचा वेग. ताशी ९६ मैलांनी टाकणारा माणूस ९४ वर आला, पुढच्या सामन्यात चौथ्या इनिंगनंतर ९३ वर, तर त्या दिवशी त्याने सहा इनिंग कोऱ्या काढल्या असल्या तरी माझ्या पोटात गोळा येतो. बॉल सोडायची जागा किंचित खाली सरकते. दोन बॉलच्या मधे तो हात झटकतो. डॉक्टर फ्रँक जोबने १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवायची ती शस्त्रक्रिया केली नसती तर कितीतरी पिचरांची कारकीर्द तिथेच संपली असती. आजही परतायला वर्षभराच्या वर जातं. आणि इथे मला स्वतःचंच अवघड वाटतं. संघाने काही जाहीर करायच्या आधी आमच्यासारख्यांना त्याची चाहूल लागते, आणि त्या चाहुलीचा आम्ही उपयोग करतो. कुणाचं तरी दुखणं ही आमची बातमी असते. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण न बघितल्याने त्याचं कोपर बरं होणार नसतं, एवढंच मी स्वतःला सांगते.

आणि कधीकधी घसरण खरीच असते, हेही सांगायला हवं. बाल्टिमोरचा ख्रिस डेव्हिस. २०१३ मध्ये ५३ होमरन मारलेला माणूस, २०१६ च्या जानेवारीत सात वर्षांचा १६१ मिलियन डॉलरचा करार केलेला. २०१८ च्या सप्टेंबरपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत तो ओळीने ५४ वेळा हिटशिवाय राहिला. पिचर सोडले तर मेजर लीगमधला विक्रम. १३ एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर हिट मिळाली तेव्हा सगळा डगआउट उसळला, आणि त्याने तो बॉल ठेवून घ्यायला सांगितला. त्याच्या बाबतीत आशेने वाट बघणारे फसले, कारण त्याचे स्ट्राइकआउट वर्षानुवर्षं वाढत होते. पेन्सिलीची टिपणंसुद्धा शाईच्याच बाजूने होती. नीट बघणं म्हणजे दयाळू बघणं, असं नसतं. पण नीट बघितल्यावर एक होतं: माणसाला शिव्या द्यायची गरज राहत नाही. त्याचा हात मंदावलाय हे समजलं की राग कशाचा यायचा?

शिव्या आता फार वाढल्यात. २०२५ च्या मे महिन्यात ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅककलर्स दुखापतीमुळे दोन अख्खे मोसम बाहेर राहून परतला होता. एका सामन्यात त्याला पहिल्या इनिंगमध्ये एकच बाद करता आला आणि सात धावा गेल्या. त्या रात्री त्याच्या लहान मुलींना मारून टाकण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी शोध घेतला तर परदेशातला, पैसे लावून हरलेला, दारू प्यायलेला माणूस निघाला. आमची लीग पैशाची नाही, आमच्यात असलं कुणी नाही, आणि कठड्याशी उभा असलेला तो मुलगा तर आनंदाने बोलत होता. तरी हे सगळे एकाच उतारावर आहेत असं मला वाटत राहतं. उतार सुरू होतो तो, आपल्याला न फळलेला पंधरवडा त्या माणसाने आपल्याविरुद्ध केलेला गुन्हा आहे असं वाटू लागतं, तिथे. "तू काहीच केलं नाहीस." मी घरी येऊन त्या खेळाडूचे मे महिन्यातले फटके एकेक करून बघितले. बरंच काही केलं होतं त्याने. स्ट्राइकआउट वाढलेले नव्हते, फटक्यांचा जोर किंचित कमी झाला होता. चिकटपट्टीखालच्या बोटांना तेव्हाच काही झालं होतं का, कोण जाणे.

परवाच्या रविवारी मुलाशी कडाक्याचं भांडण झालं. माझ्या संघातल्या सेकंड बेसमनची चौदा दिवसांची सरासरी दोनशेच्या खाली आहे. मुलगा म्हणाला, "आई, ही तुझी माया चाललीये. सोड त्याला." मी म्हटलं, माया नाही रे, तो हुकवत नाहीये, आणि बॉल गेल्या वर्षीपेक्षा जोरात सुटतोय, लोकांच्या हातात जातोय एवढंच. आजोबांनी समासात काय लिहिलं असतं ते सांग. तो म्हणाला, आजोबांच्या क्लबमध्ये वेव्हर नव्हतं. त्याला मी सोडला नाही. सोडला तो एक पिचर, ज्याचे गेले तीन सामने तक्त्यात झकास दिसतात, पण वेग दर आठवड्याला थोडाथोडा उतरतोय आणि बाद केल्यावरही तो हात खांद्यापासून सैल करून बघतो. मुलाने लगेच त्याच्यावर बारा डॉलरची बोली लावली. मी त्याला सांगितलं, तुझा पैसा तुझ्यापाशी, पण त्या कोपराबद्दलचा माझा अंदाज साफ खोटा ठरू दे, त्याने सप्टेंबरपर्यंत तुझ्यासाठी टाकावं आणि तू मला हरवावंस. "मग सोडलास कशाला?" तो म्हणाला, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून त्या पिचरचा शेवटचा सामना लावला.